चौदा दुकानांची दवंडी

देवाजींनी तोंडात मिठाची गुळणी धरली, त्याला त्या रविवारी बारा दिवस झाले होते.

पहिले दोन दिवस भीमाबाईने मनावरच घेतलं नाही. म्हातारा रुसला असेल, वरणात मीठ कमी पडलं असेल. असले अबोले तिने चाळीस वर्षांच्या संसारात पायलीचे पन्नास पाहिले होते. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं एका सुरात वंदना म्हणत होती आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या नवऱ्याचे ओठ काही हलत नव्हते, तेव्हा तिला कळलं, हे रुसणं नव्हे. वंदनेतला एक शब्द चुकला तर हा माणूस नातवंडांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचा. तीच वंदना त्यांनी गिळून टाकली होती. दुसऱ्याच दिवशी तिने इंदूकडून चिठ्ठी लिहवून घेतली आणि उमरेडला दिराकडे धाडली.

धोंडबा रविवारी पहिल्या एस.टी.ने नागपूरला आला. कोळशाच्या खाणीत जन्म गेल्यामुळे त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. इंदोऱ्याच्या गल्लीत शिरल्यापासूनच त्याचा आवाज घरात येऊन बसला.

"जय भीम, दादा! काहून गा, माह्यावरबी रागावला का?"

देवाजी ओट्यावर बाजेवर बसले होते. ते सरकले, भावाला जागा दिली आणि पुन्हा अंगणाकडे पाहत राहिले.

हा ओटा देवाजींनी घराच्याही आधी बांधला होता. मिलमध्ये कायम झाल्यावर जागा घेतली तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, आधी खोल्या उभ्या करू. देवाजी म्हणाले, खोल्या मागून झाल्या तरी चालतील, ओटा आधी. सगळी गल्ली हसली होती. भीमाबाई तेवढी हसली नव्हती.

थोरला आनंदराव तारघरातली सुट्टी साधून आला होता. इस्त्रीचा सदरा घालून तो दाराला टेकून उभा होता. धाकटा गोविंदा खाली पायरीवर, गुडघ्यात मान घालून. त्याची बायको इंदू चुलीपाशी होती, पण तिचे कान ओट्यावर होते, हे ओट्याच्या कडेला बसलेल्या भीमाबाईला न पाहताही कळत होतं.

"मले पह्यलेपासून सांगा," धोंडबा म्हणाला. "चिठ्ठीत एवढंच की दादा बोलत नाई."

"सांगाले काय राहिलं काका?" आनंदराव म्हणाला. "तुमच्या लाडक्या पुतन्यानं बापाले बर्डीच्या बाजारात विकाले काढलं."

"भाऊ, तोंड सांभाळून बोल."

"काहून? बापाचा आवाज रिक्षावर बांधून फिरवला, तवा तू सांभाळलं काय?"

धोंडबाने हात वर केला. "एक एक बोला गा. गोविंदा, तू सांग. तुहा धंदा तरी काय आहे नेमका? आमच्या तिकडं लोक इचारते त मले सांगता येत नाई."

गोविंदाने मान वर केली. या एका विषयावर बोलताना त्याचा चेहरा उजळायचा, आज बारा दिवसांनीही थोडा उजळलाच. भीमाबाईला त्याचंच वाईट वाटलं.

"काका, बर्डीच्या मोठ्या रोडवरच्या दुकानाईले सगळं आहे. टॉकीजमधे स्लाइड आहे, पेपरात जाहिरात आहे, रंगीत लाइट आहे. अन् मागच्या बोळीत नत्थूजी बांगड्या घेऊन बसला आहे. त्याच्या बाजूले कटपीसवाला, छत्र्यावाला, स्टोव्हवाला. माल चांगला, भाव कमी, पन बोळीत कोन जाते? दिवसभर माश्या मारते बिचारे. एकट्यानं जाहिरात कराची त्याईची ऐपत नाई. मी म्हटलं, तुमी चौदाजन एक व्हा. एक रिक्षा, एक भोंगा, एक पत्रक. कोनाचं नाव कवा पुकाराचं, काय पुकाराचं, बोळीच्या तोंडाशी पाटी कशी लावाची, थे सगळं मी पाहीन. बोलनाऱ्याचा कोंडा खपते काका, न बोलनाऱ्याचे गहू खपत नाई."

"गोठ त बराबर आहे," धोंडबा म्हणाला.

गोष्ट बरोबरच होती. तीन वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून गोविंदाला ती सुचली होती, आणि खरं सांगायचं तर निम्मी इंदूला सुचली होती. मॅट्रिक झालेली सून. चौदाही दुकानांत तीच गेली, बायकांना काय हवं असतं ते नवऱ्याला सांगितलं, पत्रकांवरच्या ओळी जुळवल्या. 'गोविंद पब्लिसिटी' अशी पाटी रिक्षाच्या मागे लागली, तेव्हा देवाजींनी गल्लीत पेढे वाटले होते. लेक कुणाची चाकरी करत नाही, याचं त्यांना केवढं कौतुक!

पण श्रावण उलटला तरी बोळीत गिऱ्हाईक फिरकेना. गोविंदा भोंग्यातून घसा कोरडा करायचा आणि व्हरायटी चौकातली माणसं मान न वळवता निघून जायची. शहरात भोंगे काय कमी होते? दुकानदार कुरकुरायला लागले. दिवाळीपर्यंत पाहू म्हणाले, पुढे नाही.

"मंग एक दिवस टेपवर बाबाचा आवाज लावला," गोविंदा म्हणाला, "अन् चौक थांबला काका. खरंच थांबला. सायकलवाले उतरून पाहून राहिले होते. बाबा नुसते 'ऐका हो ऐका' म्हनते, मंग मी दुकानाचं सांगतो. त्या हप्त्यात नत्थूजीनं तीन डाव माल भरला."

"दादाचा आवाज होताच तसा," धोंडबा बोलून गेला. "नदीपल्याडच्या गावात ऐकू जाये."

भीमाबाईने पदर तोंडाला लावला.

तो आवाज तिला या दोघांपेक्षा जास्त ठाऊक होता. लग्न होऊन ती त्या गावात आली तेव्हा नवऱ्याचा चेहरा नीट पाहायच्या आधी तिने त्याचा आवाज ऐकला होता. कोतवालकी घराण्यातच होती. सरकारी वसुली असो, ढोर हरवलेलं असो, गावात देवी निघालेली असो, डफडं वाजवून दवंडी द्यायची ती देवाजींनी. झोपडीच्या दारात उभं राहून ती ऐकायची आणि नव्या नवरीला वाटायचा तसा तिला अभिमान वाटायचा. मग एक दिवस ती शेण गोळा करत मालगुजाराच्या घरामागून गेली, तेव्हा तिने तो हुकूम कसा घेतात ते पाहिलं. मालक ओट्यावर लोडाला टेकून. तिचा नवरा खाली अंगणात, डाव्या अंगाला, सावली ओट्यावर पडणार नाही अशा बेताने उभा. शेला खांद्यावरून काढून कमरेला गुंडाळलेला. वहाणा काखेत. मान खाली. "काय पुकाराचं हाये, मालक?" नदीपलीकडे जाणारा तो आवाज तिथे चार हातांवरसुद्धा जेमतेम ऐकू येत होता. त्यानंतर तिला दवंडीचा अभिमान कधी वाटला नाही.

छप्पन साली दीक्षा घेऊन परत आल्यावर देवाजींनी विळ्याने डफड्याचं कातडं फाडलं आणि आठ दिवसांत बिऱ्हाड नागपूरला हलवलं. डफड्याचं कडं तेवढं सोबत आलं. ते अजून स्वयंपाकघरात होतं, पाण्याच्या माठाखाली. नीट बसायचा माठ त्याच्यावर. तेवीस वर्षांत देवाजींनी घरात कुणाला हाकसुद्धा मोठ्याने मारली नव्हती.

"अन् दादाले कळलं कसं?" धोंडबाने विचारलं.

"चष्मा दुरुस्त कराले बर्डीवर आले होते," गोविंदा म्हणाला. "मी रिक्षात होतो. गर्दीत बाबा दिसले. मी..." त्याने मान पुन्हा गुडघ्यात घातली. "मी हात हलवला, काका. मले वाटलं, खूश होतीन. एवढे लोक ऐकून राहिले होते! कोनीतरी हसून म्हनलं, कोन्या गावचा कोतवाल धरून आनला बे. मी बी हसलो. बाबानं वाकून चपला काढल्या अन् हातात घेऊन चालले गेले. मले वाटलं अंगठा तुटला."

अंगठा तुटला नव्हता. भीमाबाईने त्याच दिवशी चपला उलट्यासुलट्या करून पाहिल्या होत्या. बर्डीपासून इंदोऱ्यापर्यंत डांबराच्या रस्त्याने म्हातारा अनवाणी चालत आला होता, पायांना फोड आले होते, आणि चपला धडधाकट होत्या.

"मी सहा वर्षांचा होतो गाव सोडलं तवा," गोविंदा म्हणाला. "मले कोनी सांगतलं? बाबानं कवा तोंड उघडलं नाई त्याच्याबद्दल. मी समजलो, कला आहे. जशी कोनाची शाहिरी."

"मले माहीत आहे," आनंदराव म्हणाला. "मी दहा-बारा वर्षांचा. बाबाच्या मागं उभा राहो. मालगुजाराचा लेक वरून भुईमुगाची टरफलं फेके आमच्यावर. शेंगा नाई, टरफलं." त्याचा आवाज चढला. "थे सगळं गाडून मी परीक्षा दिल्या, हापिसात चार लोकात बसतो. अन् परवा माहा साहेब म्हनते, आनंदराव, चौकात एक म्हातारा ओरडते, लय मजा येते ऐकाले. मी काय सांगू? माहा बाप आहे म्हनून सांगू?"

"काहून नाई सांगाचं?" धोंडबा एकदम कडाडला. इतका वेळ तो थोरल्याच्या बाजूने मान हलवत होता. "दादाच्या दुःखासाठी आला का तू, का तुह्या साहेबासाठी? दवंडी वाईट नव्हती, आनंदा. ज्याच्यासाठी द्यावं लागे थो वाईट होता. आता हा पोट्टा आपल्या मर्जीनं देते, गरीब दुकानदारासाठी देते. यात लाज कायची?"

"मर्जी कोनाची काका? याची. आवाज बाबाचा."

धोंडबा खिशात विडी शोधू लागला.

तेवढ्यात इंदू पदर खोचून बाहेर आली. तिने कॅसेट आणली होती. सासऱ्यांसमोर बाजेवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली.

"मामाजी, तुमच्या हातानं तोडा. धंदा गेला तरी चालन. मी एक शब्द बोलनार नाई. पन तुमी बोला."

देवाजींनी कॅसेटकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवरून उचलला नाही.

आता भीमाबाईला राहवलं नाही.

"तिच्या माथी कायले पाप?" ती म्हणाली. "मी केलं हे. मी."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. देवाजी सोडून.

"गोविंदा टेप घेऊन आला, तवा मीच म्हटलं यायले, नातवंडाईसाठी एकडाव म्हना. डबा बी मीच पालथा ठेवला समोर वाजवाले. हे नाई म्हनत होते. मी म्हटलं, लेकराईले कसं समजन, तुमी कुठून कुठं आले थे?" तिने इंदूकडे पाहिलं. "अन् इंदूनं आदल्या दिवशी पत्रकाच्या ओळी मले वाचून दाखवल्या होत्या. पह्यलीच ओळ 'ऐका हो ऐका'. मले मालूम होतं कायले पाहिजे म्हनून. मी बोलली नाई. पोराचा धंदा बसून राहिला होता. अन् मले... मले बी ऐकाचा होता तुमचा आवाज. इतक्या वर्षानं."

तेव्हा देवाजींनी बायकोकडे पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदा. राग असता तर तिने तो झेलला असता, रागाची तिला सवय होती. त्या नजरेत राग नव्हता. मालगुजाराच्या अंगणातून परत येताना वाटेत ती समोर आली, तर ते असेच पाहायचे: आपल्याला हिने पाहिलं, एवढंच. भीमाबाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

गोविंदा उठला. त्याने कॅसेट उचलली आणि बोटाने फीत ओढून काढायला लागला. हातभर, दोन हात, ओढतच राहिला. तपकिरी फितीचा गुंता अंगणात पडत गेला, कोंबड्या लांब पळाल्या. इंदूने तोंड फिरवलं. भीमाबाई त्या ढिगाकडे पाहत राहिली. त्यात तिच्या नवऱ्याचा आवाज होता, आणि जगात दुसरीकडे आता तो कुठेच नव्हता.

"झालं," गोविंदा म्हणाला. "बाबा, झालं. आता त बोला."

देवाजी बोलले नाहीत.

फाटकाशी सायकल वाजली ती तेव्हाच. नत्थूजी बांगडीवाला, घामाघूम. माणूस साधा, जिभेला हाड नसलेला, पण मनात काही न ठेवणारा. पाच मुलींचा बाप.

"गोविंदाभाऊ! अरे, दिवाळीआधीचा इतवार अन् रिक्षा काहून नाई निघाली? चौदाचे चौदाजन बोळीच्या तोंडाशी उभे आहे. मी उधार-उसनवार करून दुकान भरलं ना बाप्पा! काल बाया इचारून गेल्या, थे म्हातारबुवा पुकारते थे दुकान कोन्तं म्हनून."

"टेप गेली, नत्थूजी."

नत्थूजीने फितीचा ढीग पाहिला आणि कपाळावर हात मारला. मग त्याची नजर ओट्यावर गेली. त्याचा चेहरा खुलला.

"हात् तिच्या! टेप गेली त जाऊ द्या ना. आवाज त समोर बसला आहे! बाबाजीले घ्या रिक्षात, माइक द्या हातात. टेपपेक्षा मस्त होईन. काय बाबाजी?"

गोविंदाने तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द, नाही. पुढे आयुष्यभर त्याने तो शब्द मनात हजारदा उच्चारला असेल. त्या क्षणी तो उच्चारला गेला नाही. गोविंदाने वडिलांकडे पाहिलं, एक श्वास आत घ्यायला लागतो तेवढाच वेळ. भीमाबाईला ते कळलं, कारण तिनेही तिकडेच पाहिलं होतं. इंदूनेही. धोंडबाने विडी कानामागे खोचली आणि तोही पाहू लागला. आनंदराव मात्र आपल्या बुटांकडे बघत होता, पण नको असं तोही म्हणाला नाही. आणि भीमाबाईच्या मनात आलं, बोलू दे. कशासाठीही असो, बोलू दे एकदा.

देवाजी बाजेवरून उठले.

गुडघ्यांवर हात टेकवत ते पायऱ्या उतरले. चपला पायरीवर काढल्या. अंगणात गेले आणि डाव्या अंगाला, ओट्यापासून चार हात दूर उभे राहिले. ऊन तिरपं होतं. त्यांनी खाली बघितलं आणि आपली सावली ओट्याला लागते आहे असं दिसल्यावर आणखी एक पाऊल मागे घेतलं. खांद्यावरचा शेला काढून कमरेला गुंडाळला. मान खाली घातली.

"काय पुकाराचं हाये, मालक?"

आवाज बारा दिवस न वापरल्याने खरखरीत झाला होता. पण होता तोच. चार हातांवर जेमतेम ऐकू येणारा.

गोविंदाला आधी कळलंच नाही, हे कुणाला म्हणतात ते. त्याने मागे वळून पाहिलं. मागे मालक म्हणावं असं कुणी नव्हतं, पायरीवर तो एकटाच होता.

"बाबा," तो म्हणाला. "बाबा, असं नका करू. वर या. माही चुकी झाली, वर या." तो खाली उतरायला गेला, तशी देवाजी तितकीच पावलं मागे सरले. अंतर चार हातांचंच राहिलं.

"हुकूम सांगा, मालक. गावाले काय सांगू?"

"दादा!" धोंडबा ओरडला, आणि त्याचा तो खाणीतला आवाज अर्ध्यात फुटला. आनंदराव भिंतीला धरून खाली बसला, दहा वर्षांच्या पोरासारखा, इस्त्रीच्या सदऱ्यासकट.

"वा, तयार झाले बाबाजी!" नत्थूजी आनंदाने म्हणाला. त्याला बिचाऱ्याला यातलं काय ठाऊक! त्याने खिशातून पत्रक काढलं, झटकून सरळ केलं आणि गोविंदाच्या हातात दिलं. "घ्या, पह्यले माहं सांगा."

बाप मान खाली घालून वाट पाहत होता.

भीमाबाई उठली. पायरीवरच्या चपला तिने उचलल्या, आपल्या पदराने पुसल्या आणि अंगणात जाऊन नवऱ्याच्या पायांपुढे ठेवल्या. त्यांच्या पायांवरचे फोड अजून नीट वाळले नव्हते.

"घाला वो," ती म्हणाली. "आपलं अंगन आहे हे. आपलं घर आहे. घाला."

देवाजी वाकले. चपला उचलल्या, आणि काखेत धरल्या.